एक्सजेआर १३००: आधी टॅपेट, मग कार्ब्युरेटर

यामाहा एक्सजेआर १३०० ही मोटारसायकल बाळगणाऱ्यांकडून एक चूक वारंवार होते. इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली किंवा गाडी आयडलवर (थ्रॉटल न देता) अडखळू लागली की आधी चारही कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवले जातात, आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यामधली बारीक मोकळी जागा, तपासायची राहून जाते. हा क्रम उलटा आहे. व्हॉल्व्हची फट बदलली की त्या सिलिंडरची हवा ओढण्याची ताकद बदलते, त्यामुळे चुकीच्या फटीवर जुळवलेले कार्ब्युरेटर फट सुधारताच पुन्हा बिघडतात आणि सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागते.

हा लेख १२५१ सीसीच्या, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हच्या, ३७ मिलिमीटर मिकुनी कार्ब्युरेटर असलेल्या गाडीसाठी, म्हणजे २००६ पर्यंतच्या मॉडेलसाठी आहे. २००७ पासूनच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला टॅपेटचा भाग तसाच लागू पडतो, परंतु थ्रॉटल बॉडी जुळवण्याची रीत वेगळी आहे आणि ती त्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणेच करावी. ब्रिटन, जर्मनी किंवा ऑस्ट्रेलियात सेकंडहँड एक्सजेआर घेऊन घरच्या गॅरेजमध्ये काम करू पाहणारे मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे. त्यांच्यापैकी अनेकांचा हात स्प्लेंडरसारख्या एक सिलिंडरच्या गाडीवर बसलेला असतो. तिथे लॉकनट सैल करून स्क्रू फिरवला की टॅपेट सेट होतो. इथे स्क्रू नाही. कॅमचा लोब (कॅमशाफ्टवरचा उंचवटा) आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये उलट्या वाटीसारखी एक बकेट असते, बकेटच्या माथ्यावर पोलादी चकती म्हणजे शिम बसते, आणि फट बदलण्यासाठी ती चकतीच बदलावी लागते.

आवाजावरून निदान करू नये

एअर-कूल्ड इंजिनाभोवती आवाज दाबणारे पाण्याचे जॅकेट नसते, म्हणून निरोगी एक्सजेआरमधूनही बराच यांत्रिक आवाज येतो. आयडलला येणारी खडखड पुष्कळदा क्लचची असते आणि कार्ब्युरेटर एकसारखे नसले की ती वाढते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लचचा लिव्हर दाबावा. आवाज कमी झाला किंवा बदलला, तर तो टॅपेटचा नाही असे बहुधा धरता येते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की धोकादायक टॅपेट आवाज करत नाही. फट वाढली की टकटक होते, परंतु इंजिनाचे लगेच नुकसान होत नाही. फट नाहीशी होत गेली की इंजिन उलट शांत होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः हेडमधल्या आपल्या बैठकीवर, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर, टेकलेला असतानाच हेडला देतो. तो पूर्ण टेकेनासा झाला की त्याची कडा जळू लागते. एअर-कूल्ड हेड मुळातच जास्त तापते, म्हणून या इंजिनात घट्ट एक्झॉस्ट टॅपेटकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महागात पडते. "आवाज येत नाही, म्हणजे टॅपेट ठीक आहेत" हा समज सोडूनच काम सुरू करावे.

टप्पा १: तयारी

कामासाठी दोन दिवस राखून ठेवावेत. पहिल्या दिवशी मोजमाप होते, मग हव्या त्या शिम मागवाव्या लागतात, आणि त्या हातात आल्यावरच पुढचे काम होते. एका संध्याकाळी सगळे उरकण्याचा हट्ट धरला की "जवळपास बसते" अशी शिम टाकून झाकण लावले जाते.

पुढील वस्तू आधीच जमवाव्यात.

- ०.०१ मिलिमीटरच्या फरकाने पाती असलेला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच). ०.०५ च्या फरकाचा साधा संच इथे निरुपयोगी आहे.
- शिमची जाडी मोजण्यासाठी मायक्रोमीटर.
- बकेट दाबून धरणारे, याच इंजिनासाठी बनवलेले टॅपेट टूल.
- कमी टॉर्क अचूक दाखवणारा टॉर्क पाना.
- १८ मिलिमीटरचा प्लग पाना.
- व्हॉल्व्ह कव्हरचे नवे गॅस्केट आणि बोल्टखालची रबरी वॉशर. जुने गॅस्केट उष्णतेने कडक झालेले असते आणि पुन्हा लावल्यास बहुतेक वेळा गळते.
- चार डायलचा व्हॅक्यूम गेज, पेट्रोलची टांगती बाटली आणि एक मोठा पंखा.
- सोळा रकान्यांचा तक्ता काढलेला कागद. सिलिंडर १ ते ४, आणि प्रत्येकासाठी इनटेकचे दोन व एक्झॉस्टचे दोन रकाने. गाडीवर बसल्यावर डाव्या हाताचा सिलिंडर पहिला.

सावधान: मोजमाप थंड इंजिनावरच होते. थंड म्हणजे हात लावल्यावर कोमट लागत नाही एवढेच नव्हे, तर रात्रभर उभी राहिलेली गाडी. बाहेरचे फिन लवकर निवतात, आतले हेड मागे राहते, आणि अर्धवट तापलेल्या इंजिनावर घेतलेल्या आकड्यांचा काहीही उपयोग नसतो.

टप्पा २: उघडणे

बॅटरीची ऋण बाजू सोडवावी. सीट आणि पेट्रोलची टाकी काढावी. त्यानंतर, आणि कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी, हेडचा वरचा भाग व प्लगभोवतीचे खळगे ब्रशने आणि हवेच्या झोताने स्वच्छ करावेत. वर्षानुवर्षे साठलेली वाळू आणि गंजाचे कण तिथेच असतात. प्लग काढताच ते सिलिंडरमध्ये पडतात. ही पाच मिनिटे वाचवू नयेत.

मग चारही प्लग काढावेत. प्लग नसले की कॉम्प्रेशनचा विरोध राहत नाही, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) हलक्या हाताने फिरतो आणि पाहिजे तिथे थांबवता येतो. ज्या मॉडेलवर एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या नळ्या आहेत, तिथे त्या बाजूला कराव्यात. व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट थोडे थोडे, आडव्या-तिरक्या क्रमाने सैल करावेत. कव्हर चिकटले असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलके ठोकावे, सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये.

कव्हर निघताच मधला, म्हणजे सिलिंडर २ आणि ३ यांच्यामधला, कॅम चेनचा बोगदा स्वच्छ कापडाने बुजवावा. त्यात पडलेली वस्तू थेट क्रँककेसमध्ये जाते. क्रँक फिरवताना मात्र हे कापड प्रत्येक वेळी बाहेर काढावे, नाहीतर चेन ते ओढून घेते.

टप्पा ३: क्रँक योग्य दिशेने फिरवणे

क्रँकच्या टोकावरील छोटे झाकण काढल्यावर आत टायमिंगच्या खुणा दिसतात. क्रँक फिरवण्यासाठी तिथे मोठा षटकोनी भाग दिलेला असतो, पाना त्यालाच लावावा. रोटर धरून ठेवणाऱ्या लहान बोल्टवर जोर दिल्यास तो तुटू शकतो.

दिशेबद्दल गोंधळ असेल, तर गाडी सेंटर स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाकावा आणि मागचे चाक हाताने पुढच्या दिशेला हळूच फिरवावे. क्रँक ज्या बाजूला फिरतो ती इंजिन चालण्याची दिशा. दिशा समजल्यावर गिअर पुन्हा न्यूट्रलमध्ये आणावा आणि संपूर्ण काम त्याच दिशेने करावे. खूण ओलांडून थोडे पुढे गेल्यास उलटे येऊ नये, पूर्ण फेरी करून पुन्हा खुणेवर यावे, म्हणजे कॅम चेनचा ढिला भाग नेहमी एकाच बाजूला राहतो.

टप्पा ४: सोळा फटी मोजणे

'टी' ही खूण जुळवून पहिल्या सिलिंडरचे लोब पाहावेत. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडचे लोब बकेटपासून दूर वळलेले असतील, तर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. नसतील तर क्रँकची आणखी एक पूर्ण फेरी करावी.

पहिल्या सिलिंडरचे चारही व्हॉल्व्ह मोजून झाले की क्रँक अर्धी फेरी पुढे न्यावा आणि दुसरा सिलिंडर घ्यावा, मग चौथा आणि शेवटी तिसरा. इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-२-४-३ असल्यामुळे दर अर्ध्या फेरीला हे सिलिंडर याच क्रमाने येतात. एक, दोन, तीन, चार असे सरळ मोजत गेल्यास तिसऱ्याच्या वेळी लोब भलत्या जागी असतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

थंड इंजिनावरील फट इनटेकला ०.११ ते ०.१५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.१६ ते ०.२० मिलिमीटर असावी. इनटेकचा कॅम मागे, कार्ब्युरेटरच्या बाजूला, आणि एक्झॉस्टचा पुढे आहे. तक्त्यात या दोघांची अदलाबदल झाली तर पुढचा सगळा हिशेब फसतो.

फीलरचे पाते सपाट आत जायला हवे. तिरके गेले की ते कडेवर अडते आणि फट खरी असते त्याहून लहान भासते. हाताला जाणवणाऱ्या घर्षणावर विसंबण्यापेक्षा जाते आणि जात नाही ही कसोटी लावावी. ०.१७ चे पाते सरकते आणि ०.१८ चे अडते, तर फट ०.१७ लिहावी. पात्याला इंजिन ऑइलचा पुसट हात लावलेला असावा.

तपासणी: सोळाही आकडे लिहून झाल्यावर क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या करून किमान चार व्हॉल्व्ह पुन्हा मोजावेत. दोन्ही वेळचे आकडे ०.०१ पेक्षा जास्त वेगळे आले, तर पहिली मोजणी रद्द समजून सगळे पुन्हा मोजावे.

टप्पा ५: शिम बाहेर काढणे

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होते.

बकेटच्या कडेला शिम उचकण्यासाठी एक खाच असते. टूल लावण्यापूर्वी बकेट बोटाने फिरवून ही खाच टूलच्या विरुद्ध बाजूला आणावी, कारण बकेट दाबली गेल्यावर ती फिरवता येत नाही. मग लोब बकेट पूर्ण खाली दाबेल असा क्रँक फिरवावा, टूल बसवावे, आणि त्यानंतर लोब बाजूला जाईपर्यंत क्रँक अतिशय सावकाश पुढे न्यावा. टूलचे पाते बकेटच्या काठावर टेकले पाहिजे, शिमवर नाही.

सावधान: टूल बसलेले असताना लोब त्याच्यावर आदळला, तर टूल, कॅमशाफ्ट किंवा हेडचा तुकडा उडू शकतो. क्रँक फिरवताना नजर लोबवरच असावी. ज्या दिशेने लोब टूलपासून दूर जातो त्याच दिशेने तो न्यावा, आणि एवढ्यापुरता टप्पा ३ मधील एकाच दिशेचा नियम बाजूला ठेवावा. किंचितही अडथळा जाणवला तर जोर न लावता थांबावे.

बकेट दबलेली असली तरी शिम सहज सुटत नाही, तेलाच्या थराने ती बकेटला घट्ट धरून असते. खाचेत बारीक स्क्रूड्रायव्हर घालून कड जराशी उचलली की तेलाचा थर फुटतो, चुप् असा आवाज होतो आणि शिम एका बाजूने वर येते. मग ती चुंबकाने किंवा चिमट्याने उचलावी.

शिम काढलेल्या जागेवर क्रँक फिरवू नये. लोब रिकाम्या बकेटच्या काठावर बसतो आणि काठ फुटतो. यासाठी एका वेळी एकच शिम काढावी, मोजावी, लिहावी आणि तीच परत बसवून पुढच्या व्हॉल्व्हकडे जावे. दोन व्हॉल्व्हच्या शिम आपापसांत बदलून काम भागवता येते खरे, परंतु त्यासाठी मधल्या वेळात बसवायला एखादी जादा शिम जवळ हवी.

टप्पा ६: हिशेब

सूत्र एकच आहे: नव्या शिमची जाडी म्हणजे जुन्या शिमची जाडी, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. शिम २.०० ते ३.२० मिलिमीटरपर्यंत ०.०५ च्या टप्प्यांनी मिळतात, म्हणून उत्तर जवळच्या टप्प्यावर आणून प्रत्यक्षात किती फट उरेल हे पुन्हा पडताळावे.

समजा एका इनटेकची फट ०.०९ भरली आणि शिम २.६५ ची आहे. लक्ष्य ०.१३ धरल्यास २.६५ + ०.०९ − ०.१३ = २.६१. जवळची शिम २.६०, आणि तिच्यावर फट ०.१४ येईल. हे मर्यादेत बसते.

आता दुसरे उदाहरण पाहावे, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. एका एक्झॉस्टची फट ०.१२ आहे आणि शिमवर २७५ कोरलेले आहे. लक्ष्य ०.१८ धरून २.७५ + ०.१२ − ०.१८ = २.६९, म्हणजे २.७० ची शिम घातल्यास ०.१७ फट मिळेल असे कागदावर दिसते. परंतु मायक्रोमीटरने मोजल्यावर ती जुनी शिम झिजून २.७३ भरली, तर २.७० घातल्यावर खरी फट ०.१५ च येते आणि एक्झॉस्टसाठी ती कमी आहे. अशा वेळी २.६५ घ्यावी, तिच्यावर फट ०.२० मिळते. कोरलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता प्रत्येक शिम, नवी आणलेलीसुद्धा, मोजावी.

दोन शिमपैकी एक फटीला खालच्या मर्यादेजवळ आणि दुसरी वरच्या मर्यादेजवळ नेत असेल, तर मी नेहमी दुसरी निवडावी असे सांगेन. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू आत बसत जातात आणि फट बहुधा कमीच होत जाते. वरच्या मर्यादेजवळ ठेवलेली फट पुढच्या तपासणीपर्यंत टिकते, थोडी टकटक वाढली तरी बिघडत नाही.

टप्पा ७: बसवणे आणि फेरमोजणी

नव्या शिमच्या दोन्ही बाजूंना इंजिन ऑइल लावावे आणि आकडा कोरलेली बाजू खाली, बकेटकडे ठेवून ती बसवावी. आकडा वर राहिला तर लोब त्यावर घासतो. शिम सर्व बाजूंनी सपाट बसली आहे हे बोटाने चाचपून मगच टूल सोडावे.

सर्व शिम बसल्यावर क्रँकच्या चार-पाच पूर्ण फेऱ्या कराव्यात, म्हणजे शिमखालचे जास्तीचे तेल दबून बाहेर पडते. हे न करता घेतलेली मोजणी फट कमी दाखवते. नंतर सोळाही फटी पुन्हा मोजाव्यात, न बदललेल्या शिमच्यासुद्धा.

तपासणी: कव्हर लावण्यापूर्वी चेनच्या बोगद्यातले कापड बाहेर आहे, चिमटा, चुंबक आणि बारीक स्क्रूड्रायव्हर मोजून जागेवर आहेत, आणि काढलेल्या शिमची संख्या तक्त्याशी जुळते, हे तिन्ही पाहावे.

गॅस्केटच्या अर्धगोल भागांखाली सीलंटचा पातळ थर द्यावा, बाकी सांधा कोरडाच ठेवावा. कव्हरचे बोल्ट १० न्यूटन-मीटरला आवळावेत. हेड ॲल्युमिनियमचे आहे, तेल गळेल या भीतीने जास्त आवळल्यास आटे निघून येतात आणि मग गळती कायमची होते. प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत घालावेत, पाना शेवटच्या आवळणीसाठीच वापरावा.

टप्पा ८: कार्ब्युरेटर जुळवणे

आता कार्ब्युरेटरची पाळी येते. एअर फिल्टर स्वच्छ आहे आणि इनटेकचे रबर कुठे तडकलेले नाही हे आधी पाहावे, कारण गळक्या रबरावर कितीही जुळवले तरी सुया स्थिर होत नाहीत.

गेजचे चार डायल एकमेकांशी जुळतात का, हे तपासणे अनेकांना सुचतच नाही. चारही नळ्या एकामागून एक, एकाच सिलिंडरच्या तोटीला लावून पाहाव्यात. एखादा डायल नेहमीच वेगळा आकडा दाखवत असेल, तर तेवढा फरक लिहून ठेवून पुढे तो वजा करावा.

बॅटरी, टाकी आणि सीट परत जोडून गाडी चालवावी, इंजिन पूर्ण तापवावे आणि मग टाकी पुन्हा काढून पेट्रोलची बाटली इंजिनापासून दूर, वरच्या बाजूला टांगावी. टाकीच्या तोटीला जाणारी व्हॅक्यूमची नळी सुटल्यास तिचे उघडे टोक बंद करावे.

सावधान: उभ्या एअर-कूल्ड इंजिनाला वारा मिळत नाही. मोठा पंखा थेट फिनवर रोखून ठेवावा, इंजिन एका वेळी काही मिनिटेच चालवावे आणि मध्ये निवू द्यावे. थंडीमुळे गॅरेजचे दार लावून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

जुळवण्याचा क्रम असा ठेवावा. आधी डाव्या स्क्रूने पहिला आणि दुसरा, मग उजव्या स्क्रूने तिसरा आणि चौथा, आणि शेवटी मधल्या स्क्रूने या दोन जोड्या एकमेकींशी. मधल्या स्क्रूपासून सुरुवात केली तर बाजूच्या जोड्या जुळवताना तो पुन्हा हलवावा लागतो. स्क्रू अगदी थोडा फिरवावा, थ्रॉटल एकदा हलकेच उघडून सोडावा, सुया स्थिरावल्यावरच वाचन घ्यावे. स्क्रूड्रायव्हरचा दाब पडत असताना दिसणारे वाचन खोटे असते. चारही सिलिंडरमधला फरक पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आत आणावा.

आयडल वर-खाली झाले तर ते आयडलच्या नॉबनेच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावे. कार्ब्युरेटरच्या पायलट स्क्रूला या कामात हात लावू नये. ते मिश्रणाचे स्क्रू आहेत आणि त्यांनी व्हॅक्यूम जुळवू पाहिल्यास आयडल सुधारल्यासारखे वाटते, परंतु एखाद्या सिलिंडरचे मिश्रण पातळ होऊन तो जास्त तापतो.

टप्पा ९: पहिली फेरी आणि नोंद

गेज काढल्यावर व्हॅक्यूमच्या तोट्यांवरची चारही टोपणे परत बसली आहेत का, ते मोजून पाहावे. एक जरी राहिले, तर तो सिलिंडर जादा हवा ओढतो आणि केलेले काम वाया गेल्यासारखे वाटते. छोटी फेरी मारून आल्यावर कव्हरच्या सांध्यावर, विशेषतः अर्धगोल भागांपाशी, टिश्यू पेपर फिरवून तेलाचा ओलावा तपासावा.

सोळा फटींचा तक्ता, बसवलेल्या शिमची मोजलेली जाडी, तारीख आणि किलोमीटर एका कागदावर लिहून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढच्या तपासणीला शिम न काढताच हिशेब मांडता येईल, आणि प्रत्येक व्हॉल्व्हची फट किती घटली हेही दिसेल. सर्वांची थोडीथोडी घटणे साहजिक आहे. एकाच एक्झॉस्टची फट बाकीच्यांच्या मानाने बरीच घटली असेल, तर पातळ शिम घालून पुढे जाऊ नये. आधी त्या सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते ते पाहणारी) चाचणी करावी, कारण तो व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत असतो किंवा जळू लागलेला असतो.